मांगूर ओढ्यात उतरला तो पावसाळा

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. श्रावण लागायच्या आत ज्याला जे खायचं ते खाऊन घ्यायचं असतं. धुकं दुकानांच्या पत्र्यांपर्यंत खाली आलेलं, गटारं तुंबलेली, आणि त्या सगळ्यात मासळीच्या पाट्यांपुढे छत्र्यांची दाटी. परवा मी कोथिंबीर घ्यायला थांबले होते. शेजारच्या निळ्या टबात काहीतरी चुळबुळलं म्हणून सहज वाकून पाहिलं. वीतभर पाण्यात पंधरावीस मांगूर एकमेकांवर पडले होते. काळपट, बुळबुळीत, चपट्या डोक्यांचे, तोंडाभोवती लांब मिशा. त्यातला एक वर आला, तोंड उघडून त्याने हवा गिळली. ‘चप्’ असा आवाज झाला आणि तो पुन्हा खालच्यांच्या अंगांत घुसला.

कोथिंबीर तिथंच राहिली. मी रस्ता ओलांडला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहून तोंडात सुटलेलं पाणी गिळत राहिले. ते भुकेचं नव्हतं. ओकारी येण्याआधी सुटतं ते.

खरं तर मला कशाची किळस येत नाही. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे. गांडूळ हातावर घेऊन मुलांना दाखवते, पालीचं तुटलेलं शेपूट चिमटीत धरते. वर्गात कुणी ‘ईऽ’ केलं की म्हणते, घाण असं निसर्गात काही नसतं, फक्त कुणाचं तरी अन्न असतं. हे वाक्य मी पूर्वी फार आवडीने म्हणायचे. पाच पावसाळे झाले, आता म्हणत नाही.

माझं माहेर कार्ल्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. आमच्या भातखाचरांच्या कडेने एक ओढा वाहतो आणि पुढे इंद्रायणीला मिळतो. त्याला नाव नाही. सगळे नुसतं ‘वढा’ म्हणतात. मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या ओढ्यात शिकले, आणि शिकवणारी होती सोनीमावशी. मावशी कातकरी वाडीतली. माझ्या आईच्या वयाची, पण चालायला लागली की मला धावावं लागायचं. पावसाळाभर ती ओढ्यात असायची. बांबूची निमुळती टोपली दगडांच्या फटीत लावून ठेवायची, हाताने खेकडे धरायची आणि सकाळी कार्ल्याच्या फाट्यावर नेऊन विकायची.

ओढ्यात तेव्हाही कुणी साधू नव्हतं. मळे, म्हणजे बोटभर लांबीचे मासे, दगडाला चिकटून शेवाळ खरवडायचे, मरळ मळ्यांना गिळायची, पाणदिवड, म्हणजे पाण्यातली नागीण, सापडेल त्या माशाला आडवा धरून काठावर न्यायची. चतुराच्या अळ्या बेडकांची पिल्लं फाडून खायच्या आणि वाचलेले बेडूक मोठे होऊन चतुर खायचे. ढोकरी, म्हणजे भुरी बगळी, तासन् तास एका पायावर उभी राहून सगळ्यांवर नजर ठेवायची. खाचराच्या बांधांना मुठे, म्हणजे बारके खेकडे, भोकं पाडायचे. त्या भोकांतून पाणी निघून जायचं म्हणून आबा, माझे वडील, वैतागायचे आणि मावशीला स्वतः बोलावून आणायचे. मावशीने मुठे काढले की बांध टिकायचा, बांध टिकला की भात, आणि मावशीच्या चुलीवर रस्सा. प्रत्येक जण दुसऱ्याच्या जिवावर उठलेला, पण कुणीही कुणाला संपवत नव्हतं.

मावशीच्या हाताला खेकडीण लागली की ती आधी उलटी करून पोट बघायची. पोटाच्या पाळीखाली मोहरीएवढी पिल्लं वळवळत असली की परत दगडाखाली सोडायची.

“का गं सोडलीस? केवढी मोठी होती,” मी विचारायचे.

“तिला आता काम हाय,” मावशी म्हणायची. बस्स, एवढंच. परिसंस्थेवरचा एवढा नेमका धडा मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात कामाला होता. पंधरा वर्षं केली, आणि मग एक दिवस कंत्राट संपलं म्हणून त्याला घरी बसवलं. मी माहेरी गेले की तो दिसायचा ते ओसरीवर, ड्युटीच्या वेळेला, कंपनीचा निळा शर्ट घालून बसलेला. कुणी काही विचारलं नाही तरी म्हणायचा, “बोलावतील. फोन येनार हाय.” वहिनी शर्ट रोज धुवायची आणि तो रोज घालायचा. वर्षभर हे चाललं. मग एका फेब्रुवारीत, मधल्या सुट्टीत, मला त्याचा फोन आला. खूप दिवसांनी त्याच्या आवाजात जीव होता.

“शुभे, शेततळं खनतोय वरच्या तुकड्यात. मला सांग, कमी पान्यात, गढूळ पान्यात, दाटीवाटीनं ऱ्हाईल असा मासा कंचा?”

मी शिक्षकांच्या खोलीत होते. समोर दोन सहकारी डबा खात होते. मला कुणी माझ्या विषयातलं विचारलं की मी फुलून येते. म्हटलं, “मांगूर! त्याला कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घ्यायची सोय असते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तो मरत नाही. ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो.” दहा मिनिटं बोलले. दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, “पोरगी हुशार हाय आमची.” मला इतका आनंद झाला की तास सुरू झाल्याची घंटाही ऐकू आली नाही.

मी देशी मांगूर सांगितला होता. आमच्याकडे पूर्वी तळ्यांतून मिळायचा तो, हातभरही न वाढणारा. टेम्पोतून प्लास्टिकच्या पिशव्यांत आलं ते मत्स्यबीज वेगळंच काही होतं.

ते मी पाहिलं त्या आषाढात. लावण्या उरकल्या होत्या, डोंगरावरून पांढऱ्या रेघा उतरत होत्या, आणि माहेरच्या वाटेवर वळल्याबरोबर वास आला. ओल्या मातीचा नाही, शेणाचा नाही. गोडसर, जड, घशात बसणारा वास. वहिनी पदर नाकाला लावून मागच्या दारी भांडी घासत होती. “बाई, जेवन जात न्हाई ओ,” ती म्हणाली. “अंगाला साबन लावून लावून कातडं सोलायची वेळ आली. घरात कुनी पावनं येत न्हाई.”

दादा मला हौसेने वर घेऊन गेला. तळ्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं, पाणी हिरवट, वर फेस. काठाशी चार निळे पिंप होते. त्याने एकाचं झाकण काढलं आणि माशांचा ढग उठला, घोंघावणाऱ्या माशांचा. आत कोंबड्यांची आतडी, पाय, डोकी, पिसं, आणि त्या सगळ्यावर तांदळासारख्या पांढऱ्या अळ्या खदखदत होत्या. महामार्गावरच्या हॉटेलांचा तो कचरा होता. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला येतात, भिजून भूक लागते, कोंबड्या कापल्या जातात. सोमवारी पिंप भरतात. दादाने घमेलंभर माल पाण्यात फेकला आणि तळं उकळलं. दुसरा शब्द नाही. शेकडो चपटी डोकी वर आली, मिशा वळवळल्या, एकाच्या तोंडातलं आतडं दुसऱ्याने ओढलं, तिसऱ्याने दुसऱ्याची शेपटी धरली. चप्, चप्, चप्. मिनिटभरात पिसंसुद्धा शिल्लक नव्हती.

“हाय का न्हाई भूक?” दादा अभिमानाने म्हणाला. “काय बी टाका. शेवटी जातोय त्याच हाटेलात. त्यांचंच त्यांना.”

तो हसला. दीड वर्षात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहत होते. अंगात निळा शर्ट नव्हता.

मी पाण्याकडे नीट पाहिलं. डोकं लांबट, अंगावर संगमरवरासारखे डाग, आणि चार महिन्यांतच हातभर झालेलं धूड. “दादा, हा आपला मांगूर नाही,” मी म्हटलं.

“मंग कुनाचा हाय?”

“बाहेरचा आहे. आफ्रिकेतला. ह्याला आपल्याकडे बंदी आहे. हा दुसऱ्या कुणाला जगू देत नाही.”

त्याने घमेलं पालथं करून दगडावर आपटलं. “बंदी कागदावर असती शुभे. मासा पान्यात हाय. बीज देनारा म्हनला देशीच हाय. आन तू कुनाला बोलू नगंस.”

मी बोलले नाही. ना गावात, ना सरकारी कचेरीत, ना परत दादाला. तो हसला होता, हेच मला पुरलं.

खाली उतरताना ओढ्यात सोनीमावशी भेटली. मांडीभर पाण्यात उभी होती. तिने मला विचारलं नाही, सांगितलं. “तुज्या दादाचं तळं वढ्याच्या वर हाय. भरलं का पानी कुटं येनार? हितंच.” मी म्हटलं, “बांध पक्का घातलाय मावशी.” तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग वाकून परत दगडाखाली हात घातला.

श्रावणात तीन दिवस असा पाऊस लागला की समोरचा डोंगरच नाहीसा झाला. शाळेला सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन. “शुभे, ये. तळं फुटलं.”

रिक्षा फाट्यापर्यंतच गेली. पुढे मी चालत निघाले आणि गावच्या कच्च्या रस्त्यावर पहिला दिसला. पुढच्या परांवर अंग टेकवत, उजवीकडे-डावीकडे झोकांड्या देत तो रस्ता ओलांडत होता. त्याच्या मागे दुसरा. मग बांधावरून घसरत येणारे सहा-सात. खाचरांतलं कोवळं भात हलत होतं, वारा नसताना. सगळ्यांचं तोंड उताराकडे, ओढ्याकडे. मी शिकवलेलं अक्षर न् अक्षर ते करून दाखवत होते.

रस्त्यात एक गाडी थांबली होती. पुण्याची तरुण मंडळी, ओली, खुशीत. मोबाईल धरून एक जण ओरडला, “अरे, मासा चालतोय! ओ काका, त्याला मारू नका ना, जरा इकडे वळवा!”

काका म्हणजे माझा दादा. गुडघाभर चिखलात, हातात काठी. तो वळलासुद्धा नाही. डोक्यावर घाव बसला तरी ते मरत नव्हते. लोळत, उलटत, परत पोटावर येत पुढे जात होते. मी बांधावरचं फावडं उचललं. त्या सकाळी मी किती मारले ते मला माहीत नाही. फावड्याचं पातं चिकट अंगावरून घसरायचं तो आवाज माहीत आहे. एकाचं पोट फुटलं आणि त्यातून कोंबडीचं नखं असलेलं पाऊल बाहेर आलं. मी बांधावर ओकले आणि पुन्हा फावडं उचललं. गावातली काही माणसं पोती घेऊन आली होती. त्यांना चंगळ वाटत होती. मेलेले आणि जिवंत, दोन्ही भरून नेत होती.

सोनीमावशी तेवढी काही करत नव्हती. ओढ्यातल्या मोठ्या खडकावर उभी राहून पाण्याकडे बघत होती. गढूळ लोंढ्यात अधूनमधून एखादी काळी पाठ वर येऊन हवा गिळत होती आणि बुडत होती.

“गेलं,” ती म्हणाली. मासे गेले की ओढा गेला, ते तिने सांगितलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी दर रविवारी माहेरी जात राहिले. कुणी बोलावत नव्हतं. आधी मळे दिसेनासे झाले. काठच्या दगडांवर शेवाळाचा जाड थर चढला आणि पाय ठेवला की सटकायला लागला. मग संध्याकाळचं बेडकांचं ओरडणं विरळ झालं. ढोकरी काही दिवस नेहमीच्या जागी उभी राहिली, मग आली नाही. मावशी टोपली लावायची आणि रिकामी काढायची. कधी टोपलीत मांगूर असायचा आणि टोपलीची बांबूची कामटी तोडलेली असायची.

गणपती गेल्यानंतरच्या रविवारी तिने असाच एक मांगूर माझ्यापुढे दगडावर टाकला. कोयती दिली. “फाड. बगू तरी काय खातोय.”

शाळेच्या प्रयोगशाळेत मी बेडूक फाडले आहेत. तशीच उभी चीर दिली. पोट भरलेलं होतं. खेकड्यांचे नांगे, बारके, मऊ, पिल्लांचे. बेडकाचा मागचा पाय. वेफरच्या पाकिटाचा चकचकीत तुकडा. एक बोटभर मांगूर, त्याच्याच जातीचा. आणि तीन मळे. दोन विरघळत आलेले, तिसरा अजून अख्खा, अंगावरची सोनेरी रेघसुद्धा शाबूत. मावशीने तो दोन बोटांनी उचलला, वाहत्या पाण्यात धुतला आणि सागाच्या पानावर ठेवला. आपलं माणूस ठेवावं तसा.

मला राहवलं नाही. “मावशी, हा मासा मीच सांगितला दादाला. फोनवर. कुठल्याही घाणीत जगतो म्हणून.”

मावशीने हात धुतले, लुगड्याला पुसले.

“मला ठाव हाय. तुज्या दादानं तवाच सांगितलं व्हतं, भैनीला इचारलंय म्हनून. सांगितलंस त्यात काय न्हाई बाय. त्यानं इचारलं, तू बोललीस. पन आखाडात तू तळ्यावर जाऊन आलीस. तुजं त्वांड मी पायलं व्हतं. तुला समद्यांच्या आदी कळलं व्हतं. इतकी पुस्तकं वाचलीस, आन बोलायच्या टायमाला गप बसलीस.”

ती थुंकली. माझ्यावर नाही, बाजूला. पण मला ते लागायचं तिथं लागलं. मग तिने पान उचललं आणि वाडीकडे निघून गेली. त्या पावसाळ्यात ती पुन्हा ओढ्यावर आली नाही. महामार्गाजवळच्या एका रिसॉर्टात खोल्या झाडायच्या कामाला लागली. चादरी बदलते, बाटल्या गोळा करते. फाट्यावर तिच्या जागी आता कणसं भाजणारा बसतो.

किळस म्हणजे काय यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शरीराने दिलेला नकार, असं मी मुलांना सांगायचे. कुजलेलं पोटात जाऊ नये म्हणून निसर्गाने ठेवलेला पहारेकरी. पण मग मांगुराची किळस का यावी? तो बिचारा जे करतो ते उत्तम करतो. त्याच्या मूळच्या देशात त्याला खाणारे मोठे मासे असतील, पक्षी असतील, सुसरी असतील, त्याच्याइतकेच चिवट शेजारी असतील. तिथं त्यालाही जपून राहावं लागत असेल. आमच्या ओढ्यात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. मळ्याला मरळीची सावली कळते, ह्याची कळत नव्हती. त्याने स्पर्धा जिंकली नाही. स्पर्धा होती हेच दुसऱ्यांना कळलं नाही. एकमेकांना खाणं ह्यात मला घाण कधीच वाटली नव्हती. घाण वाटली ती न थांबणाऱ्या तोंडाची. आणि ती तोंडं फक्त पाण्यात नव्हती. पिंप भरणारी होती, पोती भरणारी होती, ‘जरा इकडे वळवा’ म्हणणारी होती. एक उघडायच्या वेळी मिटलेलं होतं, ते माझं.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटून डोह वेगळे झाले तेव्हा दादा एकटाच पंप घेऊन उतरला. कुणी सांगितलं नव्हतं. तळं त्याने कधीच बुजवलं होतं. पुन्हा दुसऱ्या कारखान्यात, मालाच्या गाड्या भरायच्या कामाला जात होता. सुट्टीचे दिवस ओढ्यात. मीही गेले. आम्ही डोह उपसायचो, तळाच्या काळ्या चिखलात हात घालून मांगूर ओढून काढायचो. चिखलात ते आठ-आठ दिवस जिवंत राहायचे. हाताला काटा लागायचा, हात सुजायचे. खड्डा खणून, चुना टाकून पुरायचो आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी सगळं उकरून ठेवलेलं असायचं. वर घारींची चक्रं. त्या वासात दोघं शेजारी बसून भाकरी खायचो. गावात कुणी विचारलं की दादा एवढंच म्हणायचा, “पावसानं लय नुकसान केलं त्या साली.”

तिसऱ्या रविवारी सोनीमावशी आली. लुगडं खोचून चिखलात उतरली. तिच्या डोळ्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसायचं. चिखलातून देशी मासा हाताला लागला की ती तो स्वच्छ पाण्याच्या हंड्यात सोडायची. संध्याकाळी हंड्यात अकरा दांडवण, दोन मुरे आणि एक वाम होती. मळा एकही नाही.

“हितं नको सोडू,” ती दादाला म्हणाली. “वर घेऊन चल.”

ओढा डोंगरातून येतो तिथं एका ठिकाणी पाणी दोन पुरुष उंचीच्या सरळ कड्यावरून पडतं. तो कडा मांगुराला चढता येत नाही. त्याच्या वरच्या डोहांत, कपारींत, मावशीने आम्हाला मळे दाखवले. थोडेच, पण दगडाला चिकटलेले, शेवाळ खरवडणारे. खेकडेही होते. आम्ही हंडा तिथं रिकामा केला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेच करतो. खाली मांगूर काढायचे, वर उरलेले न्यायचे. खालचे संपत नाहीत. प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा होतात. मोठा काढला की त्याने खाल्ले असते असे दहा बारके वाढतात. हे मला आधीच माहीत असायला हवं होतं, पण चिखलात उतरल्यावरच कळलं.

ह्या उन्हाळ्यात बबनने, म्हणजे आमच्या भावकीतल्या एका चुलतभावाने, कड्याच्या वरच्या पठारावर तळं खणायला घेतलं. त्याच्या तळ्यात आज नुसतं पाणी आहे, मासा नाही. ते कसं झालं ते सांगायला हवं.

मे महिन्यातली सकाळ होती. आम्ही तिघं हंडा घेऊन वर चढलो तर समोर जेसीबी चालू, खड्डा निम्मा झालेला, आणि कडेला काळ्या प्लास्टिकची गुंडाळी उभी. बबन टोपी सावरत पुढे आला.

“काय टाकनार रं ह्यात?” दादाने विचारलं.

“त्योच. मांगूर. त्या देनाऱ्याशी बोलनं झालंय.”

मावशीने हंडा खाली ठेवला. मी तोंड उघडलं. ह्या वेळी मी बोलणार होते. बंदी, कायदा, परिसंस्था, सगळं जिभेवर आलं होतं. मी म्हटलंही, “बबन, हे करू नकोस. त्याला बंदी आहे.”

“ताई, तुमी आमाला सांगू नगा,” बबन भडकला. “तुमच्या भावानं केलं तवा कुटं व्हती बंदी? आपलं घर भराया बगितलं, आन पावसानं तळं न्यालं तर आता दुसऱ्याला शिकवाया निगाले. समदं गाव बगतंय. त्यानं केलं ते चाललं, मी केलं की घान?”

जे तो म्हणत होता त्यातलं बरंच खरं होतं. जेसीबीचा दात खडकावर घासला.

दादा खड्ड्याच्या कडेला गेला आणि उकरलेल्या मुरमाच्या ढिगावर खाली बसला. तो तापट माणूस. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्याने डोक्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, आणि शेजारची माती हाताने सारखी केली.

“बबन, यंत्र बंद कर जरा. बस हितं.”

बबन बसला नाही, पण त्याने चालकाला हात केला. आवाज थांबला. कड्यावरून पडणाऱ्या बारक्या धारेचा आवाज ऐकू यायला लागला.

“पाऊस दरसाली पडतो,” दादा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता, पण थांबत नव्हता. “पावसानं काय केलं न्हाई. शुभी मला म्हनली व्हती ह्यो मासा आपला न्हाई. सोनीमावशी म्हनली व्हती पानी कुटं जाईल. मला ठाव व्हतं. बांध खचत आलाय त्ये बी दोन दिस आदी दिसलं व्हतं मला. मासा इकायला आठ दिस ऱ्हायलं व्हतं, म्हनून गप ऱ्हायलो. वढ्यात त्यो मासा मी सोडला, बबन. पावसानं न्हाई. मी.”

बबन त्याच्या शेजारी मुरमावर बसला.